खो कुणाचा, खोडरबर कुणाचा

पत्र असं आहे (थोडं आखडून):

«आम्ही नवरा-बायको, दोघंही लिहितो. वर्षभर आमचा एक खेळ चाललाय. व्हॉट्सॲपवर एक गोष्ट, एक परिच्छेद त्याचा, एक माझा. त्यात एक भुताटकीचं पोस्ट ऑफिस आहे आणि बोलणारं मांजर. सुरुवातीला मजा यायची. आता मी आणलेलं पात्र तो दोन दिवसांत मारतो, नाहीतर ‘हे सगळं स्वप्न होतं’ म्हणून मोकळा होतो. मग मी चिडून त्याला परिच्छेद डिलीट करायला लावते. दुसरीकडे दिवाळी अंकासाठी दोघांनी मिळून एक कथा द्यायची आहे. कोकणातलं घर, दोन भाऊ, वाटणी, सामायिक विहीर. ५००० शब्द, मुदत ३१ जुलै. सहा प्रसंग ठरवले, तीन-तीन वाटून घेतले. त्याच्या प्रसंगांत मला बरंच खटकतं, पण त्याचा भाग म्हणून हात लावत नाही. तोही माझ्याला लावत नाही. जोडून वाचलं तर दोन वेगळ्या कथा वाटतात. एकेक तुकडा सोबत पाठवतेय. काय करावं?»

तुमचं भांडण स्वभावाचं नाही, नियमांचं आहे, आणि नियम तुम्ही उलटे लावले आहेत. खेळात एकमेकांचं लिहिलेलं पुसताय आणि कथेत एकमेकांच्या वाक्याला बोट लावायला घाबरताय. खेळात लिहिलं ते घडलं, तिथे खोडरबर नको. कथेत शेवटचा हात फिरेपर्यंत कुठलंच वाक्य कुणाच्या मालकीचं नाही. एवढी अदलाबदल केलीत की दोन्हीकडचं बरंच काही सुटेल. मुदतीचा प्रश्न कथेला आहे, म्हणून आधी तिच्याकडे.

तीन-तीन प्रसंग वाटून घेणं न्याय्य दिसतं, पण वाटणीची कथा वाटणी करून लिहायला बसलात, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. आलटून-पालटून प्रकरणं लिहिता येतात, नाही असं नाही. स्वीडनमधल्या माय श्योवाल आणि पेर वालू या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात दहा पोलिसी कादंबऱ्या अशाच लिहिल्या, मुलं झोपल्यावर, रात्री. पण त्यांचा आराखडा आधी बारकाईने तयार असायचा, आणि त्याची नाही, तिचीही नाही अशी तिसरी शैली त्यांनी ठरवून घडवली होती. ते सोडून नुसती आलटापालट उचलली तर तुमच्यासारखं होतं. शिवाय त्यांच्याकडे अख्खी कादंबरी होती. ५००० शब्दांत प्रत्येक प्रसंगाला आठशेच्या आसपास शब्द मिळतात. वाचकाचा कान एका आवाजाला सरावतोय तोवर दुसरा आवाज सुरू.

दुसरी रीत म्हणजे एकाने कथानक रचायचं, दुसऱ्याने लिहायचं. ‘एलरी क्वीन’ या एका नावाने लिहिणारे फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली हे अमेरिकन मावसभाऊ बरीच वर्षं असंच करत. डॅने तपशीलवार आराखडा द्यायचा, ली त्याची कादंबरी करायचा. पुस्तकं खपली, पण दोघांची पत्रं कडवट आहेत. आराखडेवाल्याला वाटतं आपलं बिघडवलं, लिहिणाऱ्याला वाटतं आपण कारकून. एका छपराखाली राहणाऱ्यांनी ही रीत न धरलेली बरी.

तुम्हाला आम्ही तिसरी सुचवू. पहिला खर्डा आहे तसा, ज्याचे प्रसंग त्याने लिहिलेले. दुसरा खर्डा अदलाबदलीचा: त्याचे तीन तुम्ही पुन्हा लिहायचे, तुमचे तीन त्याने. दुरुस्ती करायची नाही, पुन्हा लिहायचे, समोर कोरं पान घेऊन. जुना मजकूर एकदा वाचायचा, बाजूला ठेवायचा आणि लिहून झाल्यावरच परत उघडून पाहायचं की काय निसटलं. जुन्या फाइलवरच टायपत गेलात तर शब्द बदलतील, वाक्याची चाल त्याचीच राहील, आणि तुम्हाला खटकतेय ती चालच. तिसरा खर्डा एकाच हाताचा. त्याबद्दल पुढे.

त्याआधी तुम्ही पाठवलेले तुकडे बघू. त्याचा:

«आबा पडवीत बसले होते. समोर सातबाऱ्याचा उतारा. विहिरीच्या नोंदीवर बोट ठेवून त्यांनी ती दोनदा वाचली. मग चष्मा काढला.»

आणि तुमचा:

«आबा पडवीत बसलाय. रागावलाय की दमलाय ते कळत नाही. सुलभाला तर तो कधीच कळला नाही, लग्न होऊन या घरात आल्यापासून, म्हणजे तेवीस वर्षांत एकदाही, त्या विहिरीच्या पाण्यासारखाच, खोल आणि गप्प.»

काळ वेगळा आणि वाक्यांची लांबी वेगळी, हे तुम्हालाही दिसलं असणार. खरी फट ‘बसले’ आणि ‘बसलाय’ यांच्या मध्ये आहे. त्याच्या तुकड्यात आबांकडे कुणीच बघत नाहीये. तुमच्यात सुलभा बघतेय. सुलभा धाकट्या भावाची बायको, म्हणजे आबा तिचे थोरले दीर. ती मनातल्या मनातसुद्धा त्यांना ‘तो’ म्हणेल का? कोकणातल्या घरात तेवीस वर्षं काढलेली सून? म्हणत असेल तर ती मोठी गोष्ट आहे, आणि मग कथा तिथूनच फुटली पाहिजे. म्हणत नसेल तर ‘बसलाय’ हे सुलभाचं नाही, तुमचं आहे. मराठीत ‘तो’ आणि ‘ते’ यांतली निवड आवडीवर सोडता येत नाही, कारण कोण बघतंय ते त्यातून आपोआप कळतं. दोघांनी लिहिताना पहिली शिवण उसवते ती इथेच.

नजर सुलभाची धरली, काळ त्याचा घेतला, तर असं काहीतरी होईल:

«आबा पडवीत बसले होते. समोर सातबाऱ्याचा उतारा, विहिरीच्या नोंदीवर बोट. सुलभा तांब्या घेऊन उंबऱ्यातच थांबली. ते रागावलेत की दमलेत, हे तेवीस वर्षांत तिला एकदाही ओळखता आलं नव्हतं. आबांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि चष्मा काढला.»

बोट आणि चष्मा त्याचे, तेवीस वर्षं तुमची. तांब्या दोघांचाही नव्हता. सुलभा बघते म्हटल्यावर तिला कुठेतरी उभं करावं लागलं, त्यातून आला. विहिरीची उपमा आम्ही काढली. ज्या कथेत खरी विहीर आहे, तिच्यात विहीर दुसऱ्या कशासारखी म्हणून वापरायची नाही, नाहीतर खरी विहीर आटते.

हे प्रत्येक परिच्छेदात नव्याने ठरवत बसू नका. एक कागद करा, एकच पान, आणि दुसऱ्या खर्ड्याआधी त्यावर लिहून काढा: नजर कुणाची, काळ कोणता, निवेदनात ‘केले’ की ‘केलं’ (संवादात ‘केलं’ येणारच, प्रश्न निवेदनाचा आहे), कोण कुणाला अहो-जाहो करतं आणि कोण अरे-तुरे, प्रत्येक पात्राला घरात काय म्हणतात. संवादांत मालवणी असेल आणि ती तुमच्यापैकी एकालाच घरून आलेली असेल, तर सहाही प्रसंगांतले मालवणी संवाद त्यानेच लिहायचे. दुसऱ्याने तिथे प्रमाण मराठीत आशय मांडून पुढे जायचं. ‘माका-तुका’ पेरलं की मालवणी झाली असं समजणाऱ्या कथा संपादक पहिल्या पानावर ओळखतात.

कागदाच्या मागच्या बाजूला घराचा नकाशा काढा. पडवी कुठे, माजघर कुठे, विहीर मागीलदारी की पुढीलदारी, पडवीत बसलेल्या माणसाला ती दिसते की नाही. दोघांच्या डोक्यात दोन घरं असतात आणि ते कुणालाच माहीत नसतं. दुसऱ्या प्रसंगात रहाट असतो, पाचव्यात पंपाचं बटण. महिनाही लिहा. कथा मे महिन्यातली असेल तर विहिरीचा तळ दिसायला लागलेला असतो आणि भांडणाला धार असते. जूनमध्ये पाऊस लागला की तीच विहीर भरते आणि भांडणातला जोर जातो. हे एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, असं चालणार नाही.

अभिप्राय तोंडी देऊ नका. कुकरच्या शिट्ट्या मोजताना ‘तुझा तिसरा प्रसंग जरा लांबलाय’ असं म्हटलं की त्याचं उत्तर कथेबद्दल येत नाही. फाइल एकच ठेवा, गूगल डॉक्समध्ये असेल तर सजेशन मोड चालू ठेवा म्हणजे मूळ वाक्य खाली शाबूत राहतं, आणि समासात तीनच शेरे वापरा: ‘अडखळलो’, ‘कळलं नाही’, ‘पटलं नाही’. उपाय लिहायचा नाही. उपाय सुचवला की समोरचा उपायाशी भांडतो आणि दुखणं राहून जातं. जिथे शेरा पडला तिथे पहिली दुरुस्ती खर्डा लिहिणाऱ्याचीच. त्याच जागी दुसऱ्यांदा शेरा पडला तर शेरा देणाऱ्याने स्वतः लिहून दाखवायचं. तिसऱ्यांदा पडला तर ती जागा बहुतेक कापायचीच असते. आणि एका बैठकीत पाऊण तासाच्या वर बसू नका. त्यानंतर मुद्दे संपतात आणि आठवणी सुरू होतात.

शेवटचा हात कुणाचा, हे आत्ताच ठरवा, खर्डा समोर यायच्या आधी. चांगलं कोण लिहितं यावर ठरवू नका, ते भांडण तुमच्या घरात नको. कथा ज्याच्या नजरेतून आहे ती नजर ज्याने आणली, त्याचा शेवटचा हात. इथे सुलभा तुम्ही आणलीत, तेव्हा तुमचा. मग त्याच्या हातात काय? दोन गोष्टी. कथानकात काय घडतं यावर अडलं तर निर्णय त्याचा. आणि शेवटच्या हाताआधी त्याने पूर्ण कथेतली पाच वाक्यं अधोरेखित करायची, त्यांना तुम्ही हात लावायचा नाही. पाचच. पंधरा मागितली तर काहीच राखलं जात नाही, पाच निवडताना मात्र माणूस आपल्याच मजकुराकडे नीट बघतो. तो जे पाच निवडेल त्यातली दोन तरी तुम्ही कापली असतीत, हेही तेव्हा कळेल.

वेळेचं गणित मागून पुढे करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर हातात आठ आठवडे आहेत. पहिला आठवडा कागद आणि नकाशा, तोवर एक अक्षर लिहू नका. पुढचे तीन आठवडे अदलाबदलीचा खर्डा, आठवड्याला एकेकाने एक प्रसंग, म्हणजे सहा होतात. या खर्ड्यात ६००० शब्द झाले तरी चालतील, व्हायलाच हवेत. पाचव्या आठवड्यात शेरे आणि दुरुस्त्या. सहाव्यात कथा बंद, उघडायचीही नाही. सातव्यात शेवटचा हात, ६००० चे ४८०० करत. पाच हजारांना टेकवू नका, प्रूफात दोन ओळी वाढतातच. आठव्यात एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायची. तुमचे प्रसंग त्याने वाचायचे, त्याचे तुम्ही. जीभ जिथे अडते तिथे अजून दोन माणसं लिहितायत.

व्यवहाराचं थोडक्यात. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार, ज्या कृतीत एकाचं योगदान दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही ती संयुक्त लेखकांची कृती. तुमची कथा वरच्या रीतीने लिहिली की नेमकी तीच होते. हक्क दोघांचा, छापायला संमती दोघांची, आणि संरक्षण मागे राहिलेल्या लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. नावांचा क्रम, मानधन निम्मं-निम्मं, पुढे कुणी एकांकिका करायला मागितली तर दोघांना विचारून, एवढं चार ओळींत लिहून दोघांनी सही करून ठेवा. अंकाकडून करार आला तर हक्क किती काळासाठी देताय ते बघा; मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. नवरा-बायकोत कसलं कागदपत्र, असं वाटेल. तुमच्या कथेतल्या दोन भावांनाही तसंच वाटलं होतं ना?

आता खेळ. खेळाला साहित्य करायला जाऊ नका. कथेतले शेरे, शेवटचा हात, मोठ्याने वाचन, यातलं काहीही इकडे आणलंत तर खेळ मरेल. खेळाला लागतात ते खो-खोसारखे थोडे पण न वाकणारे नियम. खो-खोत खो मिळालेल्याने एकदा दिशा धरली की मध्येच मागे फिरता येत नाही, खांबापर्यंत जावं लागतं. तुमच्या गोष्टीत ‘हे सगळं स्वप्न होतं’ म्हणजे मध्येच मागे फिरणं आहे. फाउल. परिच्छेद डिलीट करायला लावणं हाही फाउल, तेव्हा इथे तुम्ही दोघंही सारखेच.

पात्रं मारण्याबद्दल: ज्याने पात्र आणलं त्याच्या होकाराशिवाय ते मरत नाही. पण त्याला दुसरं काहीही करता येतं. त्याला बदली मिळते, तो मुका होतो, मांजराच्या मेहुणीच्या प्रेमात पडतो. माणूस सारखी पात्रं मारतो तेव्हा तो बहुतेक वेळा क्रूर नसतो, पुढे काय करायचं ते त्याला सुचत नसतं. मारणं हा सगळ्यात सोपा खो आहे. यावर १९३१ सालचा एक तोडगा आहे. लंडनच्या डिटेक्शन क्लबमधल्या रहस्यकथाकारांनी मिळून एक साखळी कादंबरी लिहिली. त्यात नियम होता की प्रत्येकाने मनात ठोस उकल धरूनच आपलं प्रकरण लिहायचं, आणि बहुतेकांनी ती प्रकरणासोबत लिहून द्यायची. उगाच गुंतागुंत वाढवून पुढच्याच्या गळ्यात मारायची नाही. तुम्हीही प्रत्येक परिच्छेद पाठवताना एका चिठ्ठीवर एक ओळ लिहा, ‘माझ्या मते पुढे असं होईल’, आणि चिठ्ठी डब्यात टाका. दाखवायची नाही. गोष्ट संपल्यावर डबा उघडा. गोष्टीपेक्षा ते वाचायला जास्त मजा येते.

परिच्छेद ऐंशी शब्दांच्या आत. उत्तराला एक दिवस; नाही आलं तर दुसऱ्याला सलग दोन परिच्छेद मिळतात, याच्याइतकी चांगली शिक्षा नाही. आणि गोष्ट संपते कधी ते ठरवा. वर्षभर चाललेला खेळ दमणारच. एकूण वीस खो, शेवटच्या चारांत नवं पात्र आणायला बंदी, विसावा खो ज्याने सुरुवात केली नाही त्याचा.

अगदीच अडलात तर दोन दिवस गोष्ट बाजूला ठेवून घडीच्या कागदाचा खेळ खेळा. पॅरिसच्या अतिवास्तववाद्यांनी १९२५च्या सुमारास काढलेला: एकाने शब्द लिहून कागद दुमडायचा, दुसऱ्याने न बघता पुढचा लिहायचा. मराठीत हा खेळ पहिल्याच डावात लिंगावर आपटतो. एकाने ‘चांगला’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘खुर्ची’ लिहिली की संपलं. पण मराठीतच त्याची पळवाटही आहे. कर्त्याचं विशेषण न बदलणारं घ्या: लबाड, उदास, गरम, बेरकी. कर्माला ‘ला’ लावा, म्हणजे त्याचं विशेषण आपोआप ‘ओल्या’, ‘जुन्या’ असं एकाच रूपात राहतं, मग नाम मुलगा असो, खुर्ची असो की घर. क्रियापद भविष्यकाळी एकवचनी, कारण ‘ओवाळील’ हे तो, ती, ते तिघांनाही चालतं. पाच घड्या: विशेषण, कर्ता, विशेषण, कर्माला, क्रियापद. ‘उदास गाढव ओल्या पंख्याला ओवाळील.’ गंमत म्हणजे ज्या वाक्यावरून या खेळाला नाव पडलं ते फ्रेंच वाक्यही भविष्यकाळातलंच होतं, त्यात एक प्रेत नवी वाइन पिणार असतं. यातलं जे वाक्य दोघांनाही हसवेल तेच पुढच्या गोष्टीची पहिली ओळ करा.

आणि आतापर्यंत मारली गेलेली, डिलीट झालेली तुमची पात्रं? ती परत आणायला तुमच्याकडे जागा तयार आहे. टपाल खात्यात न पोचलेली, पत्ता न सापडलेली पत्रं जिथे जातात त्याला आज रिटर्न्ड लेटर ऑफिस म्हणतात. पूर्वी डेड लेटर ऑफिस म्हणायचे. भुताटकीच्या पोस्टात तो विभाग नसेल असं कसं होईल? मांजराला तिथली ड्यूटी द्या. खो तुमचा आहे, ऐंशी शब्दांत.